चाळीस कपांचा प्रभुभोजन-संच: खेड्यातल्या मंडळीने घ्यावा का?

प्रभुभोजन म्हणजे येशूच्या आठवणीत चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षारस वाटून घेण्याचा विधी; मंडळी म्हणजे त्या चर्चचे लोक. निकाल आधीच सांगतो. घ्यावा, पण स्टीलचा. एक ट्रे नको, दोन हवेत. आणि पैसे एकाच वस्तूपुरते असतील तर हा संच मागे ठेवून आजाऱ्यांच्या घरी न्यायची छोटी पेटी आधी घ्यावी. आता कारणं.

वस्तू अशी: साधारण ३१ सेंटिमीटर व्यासाचा गोल ट्रे, त्यात चाळीस भोकं, प्रत्येक भोकात छोटासा कप, वर घुमटासारखं झाकण आणि झाकणाच्या शेंड्यावर क्रूस. खाली बैठक असते, ती काही ठिकाणी वेगळी विकतात. ख्रिस्ती पुस्तकालयांत मिळतो, ऑनलाइनही मिळतो. पितळ, रंग चढवलेलं अ‍ॅल्युमिनियम आणि स्टील असे तीन प्रकार. इथे त्याची पारख केली आहे ती एका ठरावीक मंडळीसाठी: विदर्भातल्या खेड्यातली लुथरन, म्हणजे मार्टिन लुथरच्या शिकवणीवर चालणारी मंडळी, तीस-चाळीस प्रभुभोजन घेणारी माणसं, महिन्यातून एक प्रभुभोजन, बोअरचं जड पाणी, फ्रीज असला तर कुणाच्या तरी घरी, आणि मे महिन्यात पत्र्याखाली कूलर लावून चालणारी उपासना. शहरातल्या मोठ्या चर्चची गणितं वेगळी.

विदर्भात लुथरन कुटुंबं थोडीच. इकडे चर्च म्हटलं की सी.एन.आय. (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मेथडिस्ट, फ्री मेथडिस्ट, अलायन्स हीच नावं आधी येतात. लुथरन मुलूख सातपुड्याच्या पलीकडे, छिंदवाडा-बैतूलकडे. तिथे एकोणिसाव्या शतकापासून स्वीडिश मिशनऱ्यांनी काम केलं आणि पाढरचा दवाखाना आजही त्याच मंडळीचा आहे. पण हा संच पारखताना लुथरन शिकवण बाजूला ठेवून चालत नाही. १५३० च्या ऑग्सबर्गच्या विश्वास-कबुलीजबाबात, म्हणजे लुथरनांच्या मूळ विश्वासपत्रात, बाविसावं कलम याच विषयावर आहे: भाकर आणि प्याला दोन्ही सगळ्यांना द्यायचे. त्याआधी सामान्य माणसाला नुसती भाकर मिळे, प्याला याजकापुरता. म्हणजे प्याला शेवटच्या माणसापर्यंत पोचवणं हा इथे सोयीचा नाही, तत्त्वाचा मुद्दा आहे. दुसरी गोष्ट, भाकरीत आणि द्राक्षारसात ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त खरोखर दिलं जातं असं लुथरन मानतात. त्यामुळे उरलेलं मोरीत ओतायचं नसतं. कपाच्या तळाशी राहिलेला थेंबही मोजावा लागतो. साधा सरबताचा ट्रे म्हणून हा संच चांगला आहे की वाईट, हा प्रश्न म्हणूनच निरुपयोगी.

वेगवेगळ्या कपांची पद्धत तशी जुनी नाही. रोगजंतूंची माहिती लोकांत पसरल्यावर १८९० च्या दशकात अमेरिकेत ती सुरू झाली. एकाच प्याल्यातून पिणं ही मूळ रीत, आणि आजही ती चुकीची नाही. पण २०२० नंतर एका प्याल्याला ओठ लावायला लोक बिचकतात, हे वास्तव आहे. भाकर प्याल्यात बुडवून देण्याचा मार्ग आहेच. त्यात पाळकाची (चर्चच्या धर्मगुरूची) बोटं रसात बुडतात आणि रस पांढऱ्या लुगड्यावर ठिबकतो.

धातूकडे येऊ. पितळ फोटोत सगळ्यात देखणं. पण ते अ‍ॅल्युमिनियमच्या तिपटीहून जड, दर महिन्याला घासायला बसावं लागतं, आणि द्राक्षरसातल्या आंबटपणाने भोकांच्या कडांना हिरवट कळकट थर धरतो. मुलामा नसलेल्या पितळेला आंबट रस लागू देऊ नये, हे घरात ताक ठेवणाऱ्या कुणालाही माहीत असतं. अ‍ॅल्युमिनियम हलकं, वृद्ध वडीलजनांच्या हाताला बरं. मात्र त्यावरचा सोनेरी किंवा रुपेरी थर पातळ असतो. गावात भांडं म्हटलं की राख, चिंच नाहीतर तारेची घासणी. चार वेळा अशी घासणी झाली की थर जातो, मग रसाचे काळे डाग पडतात आणि ते निघत नाहीत. लेबलवर बारीक अक्षरात "मऊ कापडाने पुसा" लिहिलेलं असतं, पण भांडी धुणाऱ्याच्या हाती लेबल नसतं. स्टील जड आहे, चमक थोडी दवाखान्यासारखी आहे, पण कुणी कसंही घासलं तरी ते टिकतं. या एका कारणासाठी स्टील. घेताना भोकांच्या कडांवरून बोट फिरवून बघा. पत्रा कापून कडा वळवलेली नसेल तर पुसताना बोट कापतं.

कप काचेचे घ्यावेत. संचासोबत येणारे प्लॅस्टिकचे कप गरम पाण्यात घातले की त्यांना केसासारख्या चिरा पडतात, त्या चिरांत रंग बसतो आणि तिसऱ्या महिन्यापासून धुतलेला कपही उष्टा दिसतो. वापरून फेकायचे म्हटले तर वर्षाला ४८० कप होतात, आणि गावात "फेकणे" म्हणजे चर्चच्या मागे जाळणे. आधीच रस भरून वर वेफर (भाकरीची पातळ चकती) लावलेल्या सीलबंद डब्याही मिळतात; शेतकामाने राठ झालेल्या म्हाताऱ्या बोटांना ते पातळ झाकण सोलता येत नाही, एवढं सांगून तो विषय सोडतो.

काचेचे कप फुटतात ते बहुतेक दोन कारणांनी. थंड कप एकदम उकळत्या पाण्यात टाकणं हे पहिलं. गंजात थंड पाणी घ्यावं, तळाशी फडकं अंथरावं, कप घालावेत आणि मग गॅस लावावा. थंड होईपर्यंत बाहेर काढू नयेत. दुसरं, ओले कप एकात एक रचून ठेवणं. वाळले की ते अडकतात आणि ओढताना कड उडते. बोअरच्या पाण्याने कपांवर पांढरा थर चढतो. त्यासाठी एक भाग व्हिनेगर आणि चार भाग पाणी, वीस मिनिटं भिजवून ठेवा, मग उकळून गार केलेल्या पाण्यातून काढा आणि सुती कापडावर उपडे घाला. कागदावर नको, वर्तमानपत्राची शाई काठाला लागते. धुण्याआधीचं एक पाणी वेगळं: वापरलेल्या कपांत थोडं साधं पाणी घालून ते पाणी बाहेर जमिनीत, झाडाच्या बुडाशी ओतायचं. साबण त्यानंतर.

भरण्याचं काम बाहेरून सोपं वाटतं, पण वेळ तिथेच जातो. कप काठोकाठ भरला तर साधारण १५ मिलिलिटर मावतात. तेवढे भरायचे नसतात. ७ मिलिलिटर पुरे. ट्रे चालत नेताना हिंदकळतो, आणि थरथरत्या हाताने कप उचलणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला अर्धा कप सोयीचा. ७ च्या हिशेबाने चाळीस कपांना २८० मिलिलिटर लागतात, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या बाटलीत अडीच ट्रे सहज. संचासोबत रबरी फुग्याची भरणी येते. विदर्भातल्या एका उन्हाळ्यात ते रबर कडक होतं, दाबलं की आधी हवा सुटते आणि मग एकदम पिचकारी. त्याऐवजी औषधाच्या दुकानातून सुई नसलेली ५० मिलिलिटरची नवी सिरिंज आणा. एका भरण्यात सात कप, सहा भरण्यांत ट्रे तयार. प्रत्येक कपात सारखा रस. सिरिंजवर चर्चचं नाव लिहून ती संचाच्या डब्यातच ठेवा, नाहीतर ती कुणाच्या तरी गोठ्यात पोचते.

कप ट्रेमध्ये बसवून भरावेत, भरून बसवू नयेत. बाहेरच्या ओळीपासून सुरू केलं तर मधल्या ओळीवर बाही घासते, म्हणून मधून बाहेर यायचं. भोकात सांडलेला थेंब लगेच टिपायचा; तो वाळला की पाकासारखा चिकटतो, आणि मग वेदीपुढे कप उचलताना शेजारचे दोन कप हलतात. भरलेल्या ट्रेला मुंग्या फार लवकर लागतात. परातीत बोटभर पाणी, पाण्यात पालथी वाटी, वाटीवर ट्रे. हा उपाय झाकणापेक्षा भरवशाचा आहे, कारण झाकणाला हवा जाण्याइतकी फट असतेच.

आता संचातली सगळ्यात मोठी उणीव. विकणारे एकच ट्रे देतात. परदेशी चर्चमध्ये बाकाच्या पाठीला रिकामे कप ठेवायची भोकं असतात. आपल्याकडे बाकंच नसतात, सतरंजी असते, किंवा प्लॅस्टिकच्या खुर्च्या. मग माणूस रिकामा कप परत त्याच ट्रेमध्ये ठेवतो, आणि पुढच्या रांगेतल्या कुणाच्या तरी हाती उष्टा कप येतो. एकदा असं झालं की त्या बाईचा पुढच्या महिन्यात हात पुढे येत नाही, आणि कारणही ती सांगत नाही. म्हणून दुसरा, रिकाम्या कपांचा ट्रे हवाच. झाकण नसलं तरी चालेल, भोकं नसली तरी चालेल. कडा असलेलं स्टीलचं ताट आणि त्यात दुहेरी कापड, एवढ्यानेही भागतं. फक्त ते धरायला वेगळा माणूस लागतो. पुढे याच माणसाबद्दल बोलायचं आहे.

किती कप भरायचे? आदल्या रविवारी नावं घेतली तर अंदाज येतो. कापूस वेचणीच्या दिवसांत, दिवाळीच्या आसपास, तो अंदाज निम्म्यावर येतो, कारण मजुरीचा दिवस कुणी सोडत नाही. म्हणून कमी भरावे आणि वेदीवर झाकलेल्या सुरईत थोडा जादा रस ठेवावा. प्रभुभोजनाचे शब्द उच्चारताना तोही वेदीवर असावा. लागला तर त्यातून भरता येतो. वेदीवर गेलेला आणि न गेलेला रस एका बाटलीत मिसळू नये. उरलेलं पाळक आणि सेवा करणारे उपासनेनंतर तिथेच घेऊन संपवतात. चाळीसच्या चाळीस भरून बावीस माणसं आली, तर अठरा कप संपवायची जबाबदारी त्या दोघा-चौघांवर येते; मग कुणीतरी नजर चुकवून ते मोरीत ओततं.

रस कोणता, हा वाद खेड्यात दर वर्षी निघतो. लुथरन परंपरेत खरा द्राक्षारस, म्हणजे वाईन. महाराष्ट्राच्या दारूबंदी कायद्यात धार्मिक विधीसाठी वाईनच्या परवानगीची तरतूद आहे, पण वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. तिथे कागद हातात नसताना पिशवीत बाटली घालून एस.टी.त बसू नये. बाकी ठिकाणीही, ज्या घरांनी दारूपायी शेत गमावलं त्या घरांतली माणसं याच वेदीपुढे गुडघे टेकतात, हे ठरवणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. निर्णय पाळकाचा आणि पंच कमिटीचा, ट्रे भरणाऱ्याचा नाही. ट्रे भरणाऱ्याने एवढंच बघायचं की कपात द्राक्षाचंच काही आहे. गुलाबाचं सरबत, कोकम, जांभळाचा रस रंगाने जुळतो म्हणून चालत नाही.

घरी करायचा झाल्यास: काळे मनुके २५० ग्रॅम, पाणी एक लिटर. मनुके दोनदा धुवून रात्रभर भिजवा. त्याच पाण्यात मंद आचेवर वीस मिनिटं उकळा, लाकडी पळीने ठेचा आणि दुहेरी मलमलीतून गाळा. मिक्सर लावू नका. बिया फुटतात आणि रस तुरट होतो. साखर नको. साधारण ६०० ते ७०० मिलिलिटर रस निघतो, दोन ट्रेंना पुरतो. शनिवारी संध्याकाळीच करावा. मे महिन्यात फ्रीजबाहेर ठेवलेला रस दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फसफसायला लागतो, आणि घट्ट बुचाची बाटली तडकू शकते. फेस दिसला की तो रस वेदीवर नेऊ नये. आंबला म्हणजे वाईन झाली, असं नसतं.

भाकरीचं थोडक्यात. विकतचे वेफर उन्हाळ्यात उत्तम, पावसाळ्यात मऊ पडतात आणि टाळूला चिकटतात. हवाबंद डब्यात तांदळाची पुरचुंडी ठेवली तर बरेच दिवस टिकतात. घरची बेखमीर भाकर करायची तर पाऊण वाटी कणीक, चमचाभर तेल, लागेल तेवढं पाणी. पंधरा मिनिटं मुरू द्या, तीन मिलिमीटर जाड लाटा, सुरीने दोन सेंटिमीटरचे चौकोन आखा आणि प्रत्येक चौकोनाला काट्याने टोचा. टोचलं नाही तर भाजताना ती पोळीसारखी फुगते आणि आखलेल्या रेषा मोडतात. साठ तुकडे होतात. दात नसलेल्यांसाठी दहा वेफर बाजूला ठेवावेत.

संचात कापडं येत नाहीत. ती शिवावीच लागतात. वेदीवरचं कापड मांजरपाटाचं चालतं. कप टिपायचं कापड मात्र जुन्या, धुवून मऊ झालेल्या सुताचं हवं, आणि त्याला खळ अजिबात नको. खळ लावलेलं कापड रस टिपत नाही, नुसता पसरवतं. मनुक्याच्या रसाचा डाग पडला की बाया सोड्याने धुतात आणि तो निळा-हिरवा होऊन बसतो. तो रंग आंबटात लाल आणि सोड्यात निळा होतो, म्हणून आधी थंड पाणी, मग लिंबू, साबण सगळ्यात शेवटी. झाकायच्या मलमलीच्या चारही कोपऱ्यांत एकेक मणी शिवा. कूलर चालू असताना ती उडून कपांत पडते.

आता माणसांचं. कारण हा संच विकत घेणं सोपं, तो कुणाच्या हातात द्यायचा हे कठीण. बहुतेक लहान मंडळ्यांत तो पाळकीणबाईंच्या घरच्या कपाटात असतो, त्याच भरतात, त्याच धुतात. पाळकांची बदली झाली की किल्ली एकीकडे, झाकण दुसरीकडे, आणि नवीन पाळक आल्यावर पहिलं प्रभुभोजन चहाच्या कपांत. हा संच चांगला वापरला जातो तिथे त्याच्यामागे पाच माणसं असतात: रस करणारी एक, भरणारे दोन (एक भरतो, दुसरा मोजतो आणि टिपतो), रिकाम्या कपांचा ट्रे धरणारा एक, धुणारी एक. दर तीन महिन्यांनी कामं फिरतात.

या पाच कामांपैकी एकालाही वाचता यावं लागत नाही. शास्त्रपाठ, प्रार्थना, गीत काढणं, हिशेब लिहिणं, मंडळीतली बाकीची जवळजवळ सगळी कामं अक्षरावर अडतात, नाहीतर चारचौघांत बोलण्यावर. अलायन्स किंवा मेथडिस्ट घरातून लग्न होऊन आलेली सून, जिला इथली उपासनेची रीत पाठ नाही; बायको गेल्यावर शेवटच्या रांगेत बसून आशीर्वादाआधीच निघून जाणारा म्हातारा; दृढीकरण (विश्वास जाहीर कबूल करण्याचा विधी) नुकतंच झालेला, आवाज फुटलेला पोरगा. यांना "या, मंडळीत मिसळा" असं म्हणून कुणी मिसळत नाही. "काका, रविवारी साडेआठला या, कप मोजायचे आहेत" म्हटलं की येतात, कारण नाही गेलं तर अडेल, हे त्यांना कळतं. ज्या मुलाने लुथरच्या १५२९ च्या लहान प्रश्नोत्तरीतला वेदीच्या संस्काराचा, म्हणजे प्रभुभोजनाचा, भाग नुसता घोकला, त्याला रिकाम्या कपांचा ट्रे धरल्यावर तो धडा डोळ्यासमोर दिसतो: कोण थरथरत्या हाताने घेतो, कोण रडतो.

म्हणून संच निवडताना खरी कसोटी ही: नवख्या हाताला त्याची भीती वाटते का? पितळेचा जड, देणगीदाराचं नाव कोरलेला ट्रे असला की मजुरी करणारी बाई त्याला हात लावत नाही. फुटलं-पोचलं तर बोलणी कोण खाणार? साध्या स्टीलच्या ट्रेला ती हात लावते. सोबत दहा जादा कप घेऊन ठेवा आणि पंच कमिटीने एकदा जाहीर सांगून टाका की फुटलेल्या कपाबद्दल कुणी कुणाला विचारणार नाही. सोबतच्या वहीत नाव लिहू नका, फक्त आकडा लिहा: आज कप ४७, फुटले २.

आणि ती छोटी पेटी, जी आधी घ्या म्हटलं. चार ते सहा कप, रसाची लहान बाटली, वेफरची डबी, हातभर कापड. मोटरसायकलच्या डिकीत मावते. बाविसाव्या कलमातला "सगळ्यांना" खाटेवर पडलेल्या माणसापर्यंत पोचतो तो हिच्यातून, चाळीस कपांच्या ट्रेमधून नाही. तयार मिळणाऱ्या पेट्यांत बाटलीचं बूच कुचकामी असतं. गावच्या रस्त्यावर दहा किलोमीटरमध्ये रस मखमली अस्तरात जिरतो, आणि मग ते अस्तर मुंग्यांचं घर. ती बाटली काढून औषधाची ३० मिलिलिटरची नवी, फिरकीच्या झाकणाची बाटली घाला. ७ च्या हिशेबाने चार माणसं होतात. अस्तर उपटून टाका, त्या जागी धुता येणारं कापड घाला. कप एकमेकांवर आपटू नयेत म्हणून प्रत्येकाला टिपायच्या कापडाची एक घडी गुंडाळा. स्टीलचा एक लहान चमचा मात्र स्वतःच टाकावा लागतो, तो कुठल्याच पेटीत येत नाही. पडून असलेल्या माणसाला मान उचलता येत नाही, त्याला कपाने दिलं तर ठसका लागतो. चमच्यात दोन थेंब, त्यात वेफरचा चतकोर तुकडा भिजवून. घरातली बाकीची माणसंही त्या वेळी सोबत घेतात, तेव्हा निघण्याआधी फोन करून किती जण आहेत ते विचारून घ्यावं.

स्टीलचा संच, जादा ट्रेसकट: पाचपैकी चार. एक गुण कापला तो रबरी भरणीसाठी आणि झाकणावरच्या क्रूसासाठी. त्याचा स्क्रू सहा महिन्यांत सैल होतो. आटा फिरवण्याआधी त्यावर नेलपॉलिशचा एक थेंब लावला तर तो बसतो.